विमान दीड तासाचं, प्रवास दहा तासांचा: मुंबईचं तिकीट काढायच्या आधी हा हिशोब करा



"मोठा विचार करा. मुंबई लांब नाही, विमानाने दीड तास!" हे वाक्य मी गडचिरोली आणि चंद्रपूरच्या ट्रेनिंगमध्ये किती वेळा म्हटलं असेल, मलाच आठवत नाही. टाळ्याही मिळायच्या. आज ते वाक्य मी मागे घेतोय. का, ते सांगतो. व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत उरकला होता, पण आकडे लिहून समोर ठेवल्याशिवाय तो नीट कळत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

चूक माझी होती

धानोरा तालुक्यातल्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. मोहाचे लाडू आणि हातसडीचा तांदूळ, असं छोटं युनिट. चार बायका कामाला. महिन्याला सगळा खर्च जाऊन अठ्ठावीस हजारांच्या आसपास उरायचे. मुंबईच्या एका दुकानदाराने त्यांचे लाडू कुठल्यातरी प्रदर्शनात खाल्ले होते. त्याचा फोन आला, "एकदा भेटायला या."

ताईंनी मला विचारलं, "सर, जाऊ का?" मी म्हटलं, "विचारता काय? विमानाने जा. दीड तासाचं तर काम आहे."

त्या गेल्या. पहिल्यांदाच एवढ्या लांब जायचं म्हणून नवऱ्यालाही सोबत घेतलं. म्हणजे तिकिटं चार. नागपूरपर्यंत जायला-यायला गाडी. मुंबईत दोन रात्री लॉज. टॅक्सी, जेवण. सगळा खर्च सव्वीस हजारांच्या वर गेला. आणि मीटिंग किती वेळ चालली? पंधरा मिनिटं. दुकानदाराने तीन गोष्टी विचारल्या: लाडू किती दिवस टिकतो याचा लॅबचा रिपोर्ट आहे का, लेबलवर सगळा तपशील आहे का, आणि महिन्याला पाचशे पाकिटं घेतली तर भाव काय. यातलं एकही उत्तर द्यायला मुंबईला जायची गरज नव्हती. आणि त्यातली पहिली दोन उत्तरं ताईंकडे तयारही नव्हती.

परत आल्यावर त्या मला भेटल्या. रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "सर, तिकिटाचे पैसे तं दिसले. पन तीन दिवस युनिट बंद राह्यलं, त्याचे पैसे कोन मोजते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याची कमाई एका सल्ल्यात गेली होती, आणि तो सल्ला माझा होता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

वेबसाइट कोणतं अंतर सांगते?

आपण मोबाइलवर शोधतो, "नागपूर ते मुंबई विमान अंतर". उत्तर येतं ६८०-६९० किलोमीटरच्या आसपास. वेळ दीड तास. आकडा खोटा नाही. पण तो कशाचा आकडा आहे, हे समजून घ्या.

ते नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरली तर जेवढी लागेल, तेवढं. आता याच दोन शहरांचे बाकीचे आकडे बघा. रेल्वेने नागपूर ते मुंबई सीएसएमटी ८३७ किमी. समृद्धी महामार्ग नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किमी. शहरं तीच, पण दोरी कुठून कुठे धरली त्यावर आकडा बदलला.

वेळेचं गणितही सोपं आहे. प्रवासी जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किमीच्या आसपास उडतं. त्यामुळे अंदाज घ्यायचा असेल तर हे सूत्र लक्षात ठेवा: किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास मिळवा. हा अर्धा तास धावपट्टीपर्यंत जाण्याचा, वर चढण्याचा, खाली उतरण्याचा.

- नागपूर-मुंबई, सुमारे ६८५ किमी: साधारण १ तास २० मिनिटं
- नागपूर-दिल्ली, सुमारे ८५० किमी: साधारण १ तास ३५ मिनिटं
- मुंबई-दुबई, सुमारे १,९३० किमी: साधारण ३ तास
- मुंबई-लंडन, सुमारे ७,२०० किमी: साधारण साडेनऊ तास
- मुंबई-न्यूयॉर्क, सुमारे १२,५०० किमी: साधारण १६ तास

तिकिटावर यापेक्षा थोडी जास्त वेळ लिहिलेली असते, कारण कंपन्या उशिराची थोडी जागा धरून ठेवतात. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान मुंबईच्या आकाशात चकरा मारतं. खाली समुद्र दिसतोय, घड्याळ पुढे सरकतंय, आणि आपण अजून वरच.

उड्डाण जेवढं छोटं, तेवढी जमीन जास्त

आजचा खरा मुद्दा हा आहे.

गडचिरोली शहरातून न्यूयॉर्कला निघालेल्या माणसाचा प्रवास तीस तासांच्या वर जातो. पण त्यातला निम्म्याहून जास्त वेळ तो आकाशात असतो. म्हणजे त्याच्यासाठी विमानाची वेळ हाच प्रवासाचा मोठा भाग. वेबसाइटवरचा आकडा त्याला बऱ्यापैकी उपयोगी पडतो.

आता गडचिरोलीतून मुंबईला निघालेल्या माणसाचं बघू.

- घर ते नागपूर विमानतळ, साधारण १७० किमी: ४ तास
- उड्डाणाच्या आधी पोहोचणं, बॅग देणं, तपासणी: २ तास
- विमान: दीड तास
- उतरणं, बॅग घेणं, बाहेर येणं: पाऊण तास
- विमानतळ ते लॉज, मुंबईच्या ट्रॅफिकमधून: सव्वा ते दीड तास

बेरीज करा. साडेनऊ ते दहा तास. त्यात विमान फक्त दीड तास! उरलेले आठ-साडेआठ तास तुम्ही जमिनीवरच आहात. ब्रह्मपुरी-नागभीडच्या रस्त्यावर, रांगेत, टॅक्सीत. विमानाचा वेग ताशी ८०० किमी असेल, पण दहा तासांच्या हिशोबात तुमचा वेग ताशी शंभरच्याही खालीच येतो.

हा झाला गडचिरोली शहराचा हिशोब. अहेरीवाल्यांनी शंभरावर किलोमीटर आणखी मिळवा. भामरागडवाल्यांनी तर आधी पावसाला विचारा. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि रस्ता बंद. विमान वेळेवर उडेल, पण तुम्ही त्यात नसाल. आणि तिकिटाचे पैसे पर्लकोटेच्या कारणाने परत मिळत नाहीत.

म्हणून माझं आजचं मत असं: "दीड तास" हा नागपुरात राहणाऱ्यांचा आकडा आहे. आपला आकडा दारापासून दारापर्यंत मोजायचा. आपल्या उंबऱ्यापासून समोरच्याच्या टेबलापर्यंत.

मुंबईची एक मीटिंग, दोन हिशोब

समजा बुधवारी सकाळी ११ वाजता वांद्र्याला मीटिंग आहे. तुम्ही गडचिरोली शहरातून निघताय. तुमच्या कामाची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ धरू.

*विमानाने:* मंगळवारी सकाळी ९ ला घर सोडलं. दुपारी १ ला नागपूर, साडेतीनच्या सुमाराचं विमान, संध्याकाळी ७ ला लॉज. बुधवारी मीटिंग. संध्याकाळचं विमान पकडून रात्री ८ ला नागपूर विमानतळाच्या बाहेर. तिथून गाडी करून घरी पोहोचायला रात्रीचे १२. कामाचे बुडालेले तास: मंगळवारचे ९ आणि बुधवारचे ९. एकूण १८. लॉजची एक रात्र. आणि रात्री आठनंतर नागपुरातून गडचिरोलीला यायला बहुतेक वेळा गाडीच करावी लागते, तिचं भाडं वेगळं.

*रेल्वेने:* मंगळवारी दुपारी २ ला घर सोडलं. संध्याकाळी नागपूर, रात्रीची गाडी. झोपलात, सकाळी आठच्या सुमारास मुंबई. स्टेशनवर आंघोळ-चहा, ११ ला मीटिंग. त्याच रात्री परतीची गाडी. गुरुवारी सकाळी नागपूर, दुपारी १२ ला घर. कामाचे बुडालेले तास: मंगळवारचे ४, बुधवारचे ९, गुरुवारचे ३. एकूण १६. लॉज नाही.

पुन्हा वाचा. विमानाने १८, रेल्वेने १६. घराबाहेर तुम्ही रेल्वेने जास्त वेळ राहिलात हे खरं आहे. पण तो जास्तीचा वेळ रात्रीचा आहे, झोपेचा आहे. विमान तुमचा दिवस खातं, रेल्वे तुमची रात्र खाते. आणि धंदा दिवसा चालतो.

कुणी म्हणेल, सर, पहाटेचं विमान पकडलं तर? पकडा ना. सकाळी सहाचं विमान म्हणजे चारला विमानतळावर, म्हणजे घरातून रात्री साडेअकरा-बाराला निघायचं. रात्रभर जंगलाच्या रस्त्याने जागून आलेला माणूस ११ वाजता भाव काय ठरवणार? झोप नसलेला माणूस पहिल्या आकड्यालाच "हो" म्हणतो.

नागपुरात सोनेगावपासून पंधरा मिनिटांवर राहणाऱ्याचा हिशोब वेगळा येतो. तो सकाळी उडतो, मीटिंग करतो, रात्री घरी जेवतो. त्याच्यासाठी विमान स्वस्त आहे. तो जे करतो ते तुम्ही करायचं, असं कुठे लिहिलेलं नाही.

यातले तास मी उदाहरणासाठी धरले आहेत. वेळापत्रकं बदलतात, तुमचं गाव वेगळं. तुम्ही तुमचे तास टाका. पद्धत मात्र हीच ठेवा.

तुमच्या तासाचा भाव काय?

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. "त्याचे पैसे कोन मोजते?" तुम्हीच मोजायचे. असे:

महिन्याला खर्च जाऊन ३०,००० उरतात. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे ९ तास, म्हणजे २२५ तास. ३०,००० भागिले २२५, म्हणजे तासाला साधारण १३३ रुपये. हा तुमच्या तासाचा भाव. १८ तास बुडाले म्हणजे सुमारे २,४०० रुपये गेले. तुम्ही नसताना युनिट पूर्ण बंद राहत असेल, तर बायकांची मजुरी किंवा हुकलेली ऑर्डर, तीही त्यात मिळवा.

मग सूत्र असं होतं:

खरा खर्च = तिकीट + विमानतळापर्यंतचं आणि तिथून पुढचं भाडं + मुक्काम आणि जेवण + (बुडालेले तास × तासाचा भाव) + बंद युनिटचं नुकसान

हा आकडा एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला लिहा, या मीटिंगमधून किती *नफा* येऊ शकतो. ऑर्डर नाही, नफा. एका पाकिटावर १२ रुपये सुटत असतील आणि खर्च २६,००० असेल, तर फक्त तो प्रवास भरून काढायला २,१०० च्या वर पाकिटं विकावी लागतील. त्या दुकानदाराने महिन्याला पाचशे घेतली, तर चार महिने तुम्ही फक्त विमानाच्या तिकिटासाठी लाडू वळताय.

इथे एक गोष्ट विशेष करून ताईंना सांगतो. आपल्या घरांत बाईच्या तासाचा भाव शून्य धरतात. "तिला काय, घरीच तर असते." युनिट तुम्ही चालवता, हिशोब तुम्ही ठेवता, तर तुमच्या तासालाही भाव आहे. तो १३३ असेल, ८० असेल, पण शून्य नाही. ज्या दिवशी तुम्ही तो वहीत लिहाल, त्या दिवसापासून घरातलेही तुम्हाला विचारूनच वेळ मागतील.

तुमचं विमानतळ नक्की कोणतं?

आपण जिल्ह्याच्या नावाने विचार करतो. गडचिरोली म्हणजे नागपूर. पण हा जिल्हा उत्तर-दक्षिण किती लांब आहे, बघा. सिरोंचाचा माणूस नागपूरला जायला निघाला तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. आणि गोदावरीवरचा पूल ओलांडून कालेश्वरम मार्गे हैदराबादला निघाला तर त्याहून कमी. म्हणजे सिरोंचाचं विमानतळ नागपूर नाही, हैदराबाद आहे. शिवाय हैदराबादहून उड्डाणंही जास्त. कोरचीकडच्या लोकांनी रायपूर तपासून बघावं. राज्याची सीमा नकाशावर असते, गाडीच्या डिझेलला ती दिसत नाही.

चंद्रपूरचं बघा. नागपूर साधारण १५० किमी. पण बल्लारशाह हे दिल्ली-चेन्नईच्या मुख्य मार्गावरचं जंक्शन आहे. दिल्ली, चेन्नई, हैदराबादकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या तिथे थांबतात. चंद्रपूर, राजुरा, गोंडपिपरीच्या उद्योजकांनी दिल्लीचं विमान बघायच्या आधी बल्लारशाहचं वेळापत्रक बघावं. आणि गडचिरोली जिल्ह्यात सध्या रेल्वे स्टेशन म्हणजे देसाईगंज-वडसा. कुरखेडा, आरमोरीवाल्यांसाठी ते जवळ आहे.

दुसऱ्या टोकालाही हाच प्रश्न विचारा. मुंबईला आता दोन विमानतळं आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली. तुमचा व्यापारी वाशीच्या बाजार समितीत असेल तर नवी मुंबई सोयीचं, अंधेरी-वांद्र्याला असेल तर जुनं. तिकीट काढताना नुसतं "मुंबई" वाचू नका, कोणती मुंबई ते वाचा. चुकलात तर तासा-दीड तासाचा रस्ता आणि टॅक्सीचं भाडं तुमच्या माथी.

आणि परदेशाचं तिकीट असेल तर वेळ स्थानिक असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर निघायची वेळ १०:०० आणि पोहोचायची ११:४५ दिसली, म्हणजे पावणेदोन तासांचं उड्डाण नाही. सव्वातीन तासांचं आहे. परत येताना हेच उलटं होतं.

माल आधी, माणूस नंतर

नागपूरबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो. १९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमानं रात्री निघायची. मध्यरात्री ती नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोहोचायचं. देशाच्या मधोमध असण्याचा हा फायदा.

यातून मी काय शिकलो? व्यापारासाठी दर वेळी माणसाने उडायची गरज नसते. पत्र उडालं, तरी काम होतं. १९४९ मध्ये होत होतं, तर आज मोबाइलच्या जमान्यात का नाही होणार?

म्हणून आता मी बॅचमध्ये हा क्रम शिकवतो:

१. फोन. समोरच्याला काय हवं, किती हवं, कोणत्या भावात हवं. हे फोनवरच विचारा. लाजू नका.

२. कागद. एफएसएसएआय नंबर, लेबलचा फोटो, लॅब रिपोर्ट, दरपत्रक. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवा.

३. नमुना. स्पीड पोस्टने किंवा कुरिअरने. दोन किलोचं पार्सल तुमच्यापेक्षा खूप स्वस्तात मुंबईला जातं, आणि त्याला लॉज लागत नाही.

४. व्हिडिओ कॉल. तुमचं युनिट दाखवा. मोह कुठून येतो, कोण वेचतं, कसा वाळवता. शहरातल्या माणसाला हे बघायचंच असतं. ते मुंबईच्या ऑफिसात बसून तुम्ही दाखवूच शकत नाही.

५. लेखी होकार. भाव आणि प्रमाण मेसेजवर तरी लिहून आलं पाहिजे.

६. मग प्रवास. गरज असेलच तर.

पाचव्या पायरीपर्यंत जो दुकानदार येत नाही, तो तुम्ही समोर जाऊन बसलात तरी येणार नव्हता. सव्वीस हजारांऐवजी दोनशे-तीनशे रुपयांत तुम्हाला ते कळलं, एवढाच फरक.

आणि आणखी एक. दर वेळी आपणच का जायचं? आपल्याच जिल्ह्यात बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. आज कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात. माल गावात, आणि व्यापारी बाहेरून इथे येतो. येण्या-जाण्याचा खर्च त्याचा. का? कारण माल एकत्र आहे, प्रमाण मोठं आहे, आणि विकण्याचे नियम गावाने ठरवलेत. तुमचं एकटीचं युनिट पन्नास किलोचं असेल तर व्यापारी येणार नाही. पण आजूबाजूच्या दहा गटांनी मिळून एका दर्जाचा पाचशे किलो माल दाखवला, तर "दारापासून दारापर्यंत" हा हिशोब त्याला करावा लागेल, तुम्हाला नाही.

मग विमानाने जायचंच नाही का?

असं मी म्हणत नाही. जा. पण या वेळी जा:

- वरच्या पाच पायऱ्या झाल्यात, मोठी ऑर्डर सहीवर आलीय आणि तारीख उद्याची आहे.
- एकाच ठिकाणी अनेक खरेदीदार भेटणार आहेत. उदाहरणार्थ दिल्लीत प्रगती मैदानावर दरवर्षी १४ नोव्हेंबरपासून भरणारा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा, किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस. तिथेही माल आधी पार्सलने, माणूस नंतर. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलोची बॅग आणि हातात ७ किलो एवढंच फुकट जातं. त्यावर प्रत्येक किलोचे पैसे. लाडूचा नफा बॅगेच्या वजनातच जाईल.
- महागडं मशीन घ्यायचंय आणि ते डोळ्यांनी चालताना बघायचंय.
- घरात आजारपण आहे. तिथे तासाचा भाव काढत बसायचं नाही.

आणि गेलात तर दिल्लीसाठी डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान टाळा, धुक्याने उशीर होतो. पावसाळ्यात जिल्ह्याच्या दक्षिण भागातून निघणाऱ्यांनी एक दिवस आधी नागपूर किंवा हैदराबाद गाठा. आणि एका प्रवासात तीन भेटी ठरवल्याशिवाय घर सोडू नका. एकच भेट असेल आणि ती रद्द झाली, तर काय? हे मी नाही, त्या धानोऱ्याच्या ताईंचा अनुभव शिकवतो.

"सर, गडचिरोलीलाच विमानतळ झालं तर?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. गडचिरोलीत विमानतळ करायची चर्चा आहे. चंद्रपूरला मोरव्याची धावपट्टी आहे, राजुरा तालुक्यात विहीरगाव-मूर्तीच्या विमानतळाचं नाव कितीतरी वर्षं ऐकतोय. व्हावं, चांगलंच आहे. रुग्णाला एक तास वाचला तरी ते विमानतळ वसूल झालं.

पण छोट्या उद्योजकाने त्याच्या भरवशावर धंद्याचं नियोजन करू नये. शेजारच्या गोंदियाचं बघा. बिरसीहून २०२२ मध्ये उड्डाणं सुरू झाली, काही महिन्यांत बंद पडली, मग दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. धावपट्टी असली म्हणून विमान रोज येतंच असं नाही. खुर्च्या भरल्या तरच ते टिकतं. लोहखनिज आणि पोलादवाल्यांचे साहेब त्या खुर्च्या भरतील. त्यांच्या तासाचा भाव वेगळा आहे.

माझं स्पष्ट मत विचाराल तर मोहाचे लाडू, तांदूळ, मध, बांबूच्या वस्तू विकणाऱ्याला विमानतळापेक्षा तीन गोष्टी जास्त उपयोगाच्या आहेत. वडसा-गडचिरोली रेल्वेमार्ग, ज्याचं काम सुरू आहे. बारमाही रस्ता, जो पर्लकोटेच्या पुरातही तुटणार नाही. आणि गावात चालणारं मोबाइल नेटवर्क, ज्यावर व्हिडिओ कॉल मध्येच अडकणार नाही. मागणी करायचीच असेल तर या तीन गोष्टींची आधी करा.

आणि मुंबई-दिल्लीच्या आधी नागपूर पकडा. १७० किलोमीटरवर एवढं मोठं शहर आहे. इतवारी आहे, कळमना आहे, शेकडो दुकानं आहेत. सकाळी एसटीने जाऊन रात्री परत येता येतं. तिथे दहा दुकानांत तुमचा माल नियमित जायला लागला की मुंबईचा दुकानदार स्वतःच विचारतो.

आजचं काम

नुसतं वाचून सोडू नका. वहीत या चार ओळी आजच लिहा:

१. माझ्या तासाचा भाव: महिन्याचा निव्वळ नफा ÷ कामाचे तास = ____ रुपये.

२. माझ्या उंबऱ्यापासून नागपूर, हैदराबाद, रायपूर यातलं जवळचं विमानतळ: ____, वेळ ____ तास. जवळचं रेल्वे स्टेशन: ____, वेळ ____ तास.

३. मागच्या वर्षी धंद्यासाठी मी केलेला सर्वात लांबचा प्रवास: खरा खर्च ____, त्यातून आलेला नफा ____.

४. त्या प्रवासातलं कोणतं काम फोन, पोस्ट किंवा व्हिडिओ कॉलवर झालं असतं?

तिसरी ओळ लिहिताना हात थोडा अडखळेल. माझाही अडखळला होता.

जाता जाता त्या ताईंचं सांगतो. त्यांनी लॅबचा रिपोर्ट करून घेतला, लेबल नीट छापलं, आणि त्या मुंबईच्या दुकानदाराला पुन्हा नमुना पाठवला. या वेळी पोस्टाने. ऑर्डर आली, पाचशेची नाही, दोनशेची. पण दर महिन्याला येते. त्यानंतर त्या मुंबईला एकदाही गेलेल्या नाहीत. मागच्या महिन्यात मी त्यांना बॅचमध्ये बोलायला बोलावलं. एका मुलाने विचारलं, "ताई, विमानात बसून कसं वाटलं?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "छान वाटलं. पन पुढच्या वेळी फिरायला जाईन, धंद्याला नाही."

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडी ठेवा.